गाडीचं कोटेशन हातात आहे, सही करायच्या आधी कुणी बघून द्याल का?

कृष्णाकाठ | २३ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कराडला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सासूबाईंच्या कंबरेच्या ऑपरेशननंतर त्यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. आमची २०१४ ची जुनी हॅचबॅक आता वरचेवर बंद पडते. म्हणून नवीन गाडी घ्यायचं ठरलंय, चार मीटरच्या आतली, १२०० सीसीची पेट्रोल. पाडवा १९ मार्चला आहे, त्या दिवशी घरी आणावी असं सगळ्यांच्या मनात आहे. गाडी माझ्या नावावर, कर्जही माझ्याच नावावर.

काल शोरूमला जाऊन आलो. कोटेशन जसंच्या तसं देते.

एक्स-शोरूम ८,४९,०००
आरटीओ १,०६,५००
विमा ४७,८००
एक्स्टेंडेड वॉरंटी १४,९००
अ‍ॅक्सेसरीज पॅक २४,५००
टेफ्लॉन आणि अँटीरस्ट ११,०००
लॉजिस्टिक व हाताळणी ९,५००
फास्टॅग ६००
एकूण १०,६३,८००, त्यातून ऑफर २०,००० वजा. ऑन-रोड १०,४३,८००.

जुन्या गाडीचे १,४५,००० आणि वर एक्स्चेंज बोनस २५,००० धरलाय. कर्ज आठ लाखांचं, पाच वर्षांसाठी. व्याज 'फक्त साडेपाच टक्के', हप्ता १७,०००. माझी पगाराची बँक ९ टक्के म्हणते, म्हणून मिस्टरांचं म्हणणं पडलं की शोरूमचंच कर्ज घेऊ.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. मी तीनदा विचारलं की एकूण किती द्यायचे. तिन्ही वेळा त्या मुलाने कोटेशन उलटं केलं, कोऱ्या बाजूला हिरव्या पेनाने '१७,०००' लिहून गोल केला आणि म्हणाला, "मॅडम, महिन्याला एवढं झेपेल ना?" माझ्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. घाई करत नाही, पण दहा लाख आमच्यासाठी फार मोठी रक्कम आहे. जाणकारांनी सांगावं.

तळहात | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, सही केली नाहीत ते फार बरं केलंत. सगळ्यात आधी कर्जाचं बोलतो, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात.

शोरूमचे साडेपाच टक्के 'फ्लॅट' आहेत, तुमच्या बँकेचे ९ टक्के घटत्या शिल्लकेवर. या दोन दरांची तुलना सरळ करता येतच नाही.

फ्लॅटमध्ये पाचही वर्षं पूर्ण आठ लाखांवर व्याज लावतात, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं असलं तरी. आठ लाखांचे साडेपाच टक्के म्हणजे वर्षाला ४४,०००. पाच वर्षांचे २,२०,०००. आठ लाखांत मिळवा, साठने भागा, बरोबर १७,००० येतात. म्हणजे त्या मुलाचा आकडा खरा आहे. तो दर कसला आहे, एवढंच त्याने सांगितलं नाही.

आता तुमच्या बँकेचे ९ टक्के. दर महिन्याला मुद्दल जसं कमी होतं तसं व्याजही उतरत जातं. आठ लाख, साठ महिने, हप्ता येतो १६,६०७. एकूण व्याज साधारण १,९६,४००. म्हणजे ९ टक्क्यांचं कर्ज साडेपाचवाल्यापेक्षा साडेतेवीस हजारांनी स्वस्त पडलं. शोरूमचा दर घटत्या शिल्लकेच्या भाषेत जवळपास १० टक्के आहे.

हे तोंडी पटवत बसू नका. त्यांच्याकडे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला हा कागद सहीआधी द्यावाच लागतो. त्यात एपीआर असतो, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो आकडा. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवा आणि एपीआरची ओळ बघा. फ्लॅट तिथे लपत नाही.

गिअर_चौथा | २३ फेब्रुवारी, रात्री १०:५२

तळहात काकांशी सहमत. मी आरटीओच्या ओळीकडे बघतोय. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे. ८,४९,००० चे ११ टक्के ९३,३९० होतात. त्यावर नोंदणी फी, कर्जाचा बोजा चढवायची फी, स्मार्ट कार्ड, रस्ता सुरक्षा उपकर असं सगळं धरलं तरी चार-पाच हजारांच्या वर जात नाही. मग १,०६,५०० कसले? वरचे आठेक हजार कुणाचे आहेत ते विचारा. 'आरटीओची पावती जेवढ्याची, तेवढेच देईन' असं म्हणा. कर ऑनलाइन भरला जातो, पावती निघतेच.

लॉजिस्टिक व हाताळणीचंही तसंच. गाडी कारखान्यातून शोरूमला आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. या नावाची छापील पावती द्या म्हटलं की ही ओळ बऱ्याचदा आपोआप गळते.

आणि त्यांनी तुम्हाला जीएसटीचा फायदा 'आमची ऑफर' म्हणून तर नाही ना सांगितला?

कृष्णाकाठ | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

सांगितला ना! भिंतीवर पाटी होती, ९,२८,००० वर काट मारून खाली ८,४९,००० लिहिलेले. "मॅडम, ७९ हजारांचा फायदा तर आधीच दिलाय, आता आणखी काय कमी करणार." मला ते खरंच वाटलं होतं.

गिअर_चौथा | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

तो फायदा सरकारने दिलाय, २२ सप्टेंबर २०२५ पासून. तुम्ही बघताय त्या वर्गातल्या गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, आता १८ टक्के आहे. आज कुठल्याही शोरूममध्ये गेलात तरी ही गाडी कमी झालेल्या कराच्याच किमतीला मिळणार. डीलरची सूट ८,४९,००० च्या खाली मोजायची. तुमच्या कोटेशनमध्ये ती फक्त २०,००० आहे.

आणखी एक. गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली ते विचारलंत का? फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्या वर्षीचा स्टॉक उरलेला असतो. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापून येतं आणि सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक ते आधी बघेल. २०२५ ची गाडी घ्यायला हरकत नाही, पण मग सूट त्या हिशेबाने मिळायला हवी. शासी नंबर हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका.

अनघा_ठाणे | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

विम्याबद्दल लिहिते, माझं कामच ते आहे. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कुणालाच करता येत नाही.

नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, २०१८ पासून. त्याचा दर सरकारी आहे, १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४० अधिक जीएसटी. तो कुठेही तेवढाच. घासाघीस होते ती ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) भागात आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (चोरी किंवा टोटल लॉसला बिलाएवढी भरपाई) या जोडण्यांत. तिथे कंपनी-कंपनीत बराच फरक पडतो.

तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, तुमच्या गाडीची ८,०६,५५० यायला हवी. ती खाली ओढून विम्याचा हप्ता स्वस्त दाखवणारे भेटतील, चोरी किंवा टोटल लॉस झाला की तेव्हा कळतं. आणि कराड-सातारा भागातलं तुमचं वर्कशॉप त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, ते वर्कशॉपलाच फोन करून विचारा.

जुन्या गाडीवर क्लेम नव्हते का? नो क्लेम बोनस पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीला लावता येतो. मात्र तो माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही.

कृष्णाकाठ | २४ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

अनघाताई, जुनी गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, सहा वर्षांत एकही क्लेम नाही. म्हणजे नवी माझ्या नावावर घेतली तर बोनस लागू होणार नाही?

अनघा_ठाणे | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

नाही होणार. पण वाया पण जात नाही. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मिस्टरांच्या नावाने घेऊन ठेवा, तीन वर्षं चालतं. गाडी कुणाच्या नावावर हा निर्णय त्या आठ-दहा हजारांवरून फिरवू नका. तुम्ही कमावता, हप्ता तुम्ही भरणार, गाडी तुमच्याच नावावर हवी.

माजी_शोरूमवाला | २४ फेब्रुवारी, रात्री ११:३५

मी सहा वर्षं कोल्हापुरात शोरूमला होतो, आधी सेल्स, मग फायनान्स डेस्क. आता दुसरा धंदा करतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

लहान गाडीवर डीलरला सुटणारा नफा फार थोडा असतो. शोरूमचं भाडं, पगार, स्टॉकवरचं व्याज त्यातून भागत नाही. भागतं ते विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि टेफ्लॉनवर. कर्ज लावून दिलं की फायनान्स कंपनीकडून पे-आउट, म्हणजे कमिशन, येतो. म्हणून तो मुलगा हप्ता विचारतो. एकदा का तुम्ही 'सतरा झेपतील' म्हणालात की त्या सतरात तो काहीही बसवू शकतो. २४,५०० चा पॅक हप्त्यात महिन्याला पाचशेने दिसतो, आणि पाचशेला कोण नाही म्हणतं? तेवढ्यानेही भागलं नाही तर पाचाची सात वर्षं करतात. तुमच्याच आठ लाखांचं बघा, ९ टक्क्यांनी सात वर्षांना हप्ता १२,८७१ होतो. ऐकायला किती हलका! पण व्याज १,९६,४०० वरून २,८१,००० वर जातं.

ताई, माझं एवढंच ऐका. गाडीची किंमत, विमा, कर्ज आणि जुनी गाडी हे चार वेगळे सौदे आहेत. चारही एका टेबलावर एकदम मांडू दिलेत की एकात दिलेलं दुसऱ्यातून काढून घेतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. जुन्या गाडीला पाच हजार वाढवून देतो म्हणतील आणि ऑफरमधून पाच काढतील. आधी नव्या गाडीची ऑन-रोड किंमत कागदावर पक्की करा, जुनी गाडी आणि कर्ज यांचं नावही न काढता. ती सहीशिक्क्यासह हातात आली की मग विमा. मग जुनी गाडी. कर्ज सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमच्या बँकेचं मंजुरीपत्र पर्समध्ये ठेवून.

वर गिअर_चौथा म्हणतात तशा ओळी काढायला लावाच. पण एक सांगतो, सगळंच बाहेरून घेतलंत तर सूटही कमी होते, कारण सूट त्याच पैशातून येते. म्हणून प्रत्येक वेळी शेवटची बेरीज बघा. विमा १३ हजारांनी स्वस्त आणि सूट १५ हजारांनी कमी, तर उपयोग काय? बाहेरचा विम्याचा आकडा दाखवून 'एवढ्यात तुम्हीच द्या' म्हणा. बहुतेक वेळा देतात.

महिन्याच्या २६-२७ तारखेनंतर जा. टार्गेटला दोन-तीन गाड्या कमी असतील तर मॅनेजर स्वतः उठून बाहेर येतो. मार्च हा तर वर्षाचा शेवट. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मात्र सगळ्यांनाच गाडी हवी असते, तेव्हा कुणी ऐकत नाही. सौदा या आठवड्यात पक्का करा, डिलिव्हरी पाडव्याला घ्या.

आणि त्या हिरव्या पेनवाल्या मुलावर राग धरू नका. त्याचा मूळ पगार फार थोडा असतो, आणि हप्ता विचारायला त्याला शिकवलेलं असतं. नीट बोललात तर तोच मॅनेजरशी तुमच्या बाजूने भांडेल. मी भांडलोय.

पंचगंगा | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

वरच्या पोस्टमधल्या 'काहीही बसवू शकतो'चा मला आलेला अनुभव. तीन वर्षांपूर्वी शोरूममधूनच कर्ज घेतलं. चार महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तर मुद्दल मी मागितल्यापेक्षा १८,४०० ने जास्त. कर्जासोबत आयुर्विमा जोडला होता, त्याचा हप्ता मुद्दलातच घातलेला, आणि त्या १८,४०० वरही मी व्याज भरत होतो. अर्जावर माझी सही होती, हे खरं. अठरा पानं, प्रत्येक पानावर पेन्सिलीची फुली, 'इथे करा, इथे करा.' आई दवाखान्यात होती, मी वाचलं नाही. फार मनस्ताप झाला. ताई, मुद्दलाचा आकडा आणि तुम्ही मागितलेला आकडा एकच आहे ना, तेवढं तरी बघा.

तळहात | २५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

फार महत्त्वाचं लिहिलंत. कर्जासोबत विमा ही ऐच्छिक गोष्ट आहे, नको असेल तर लेखी 'नको' द्यायचं. ताई, आणखी दोन गोष्टी बघा. 'अ‍ॅडव्हान्स ईएमआय' मागतात का? पहिले एक-दोन हप्ते आधीच कापून घेतले तर हातात कर्ज तेवढं कमी येतं, व्याज मात्र पूर्ण रकमेच्या हिशेबाने. दुसरं, मुदतीआधी फेडलं तर दंड किती? १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग दराच्या कर्जांवर, ते व्यक्तीने धंद्यासाठी घेतलं नसेल तर, असा दंड घेता येत नाही. पण गाडीकर्ज बऱ्याचदा फिक्स्ड दराचं असतं. तुमचं कुठलं, ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

एडिसनकर | २५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मी न्यू जर्सीला असतो, इथेही विक्रेता पहिला प्रश्न महिन्याच्या हप्त्याचाच विचारतो. आम्ही इथे क्रेडिट युनियनकडून (आपल्या पतसंस्थेसारखी) कर्ज आधी मंजूर करून घेतो आणि चार डीलरांना ईमेलवर एकच विचारतो, सगळं धरून 'आउट द डोअर' किती. तुमच्याकडे सातारा, कोल्हापूर, सांगली तिन्हीकडे एकाच कंपनीचे वेगवेगळे डीलर असतील. तिघांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कोटेशन मागवून बघा.

कृष्णाकाठ | १ मार्च, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल, २८ तारखेला, सौदा झाला. सविस्तर लिहिते.

आधी बँकेत जाऊन मंजुरीपत्र आणलं, ९ टक्के घटत्या शिल्लकेवर, की फॅक्ट्स स्टेटमेंटसह. सांगली आणि कोल्हापूरहून व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशनं मागवली. मग पहिल्याच शोरूममध्ये गेले, कारण सर्व्हिसला ते जवळ पडतं. तोच मुलगा होता. त्याने पेन काढलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "हप्त्याचं आपण शेवटी बोलू. आज मला फक्त ऑन-रोडचा एक आकडा हवाय, तो कागदाच्या या बाजूला लिहा." तो जरा गोंधळला, मग हसला आणि लिहायला लागला.

आरटीओच्या पावतीएवढेच पैसे घ्यायचं मान्य झालं. हाताळणीची छापील पावती मागितली, मॅनेजर बाहेर आले, ती ओळ गेली. टेफ्लॉन काढलं. अ‍ॅक्सेसरीजमध्ये फक्त मॅट्स, मडफ्लॅप आणि सासूबाईंसाठी पाठीचा कुशन, ६,२००. वॉरंटी ठेवली, आम्ही गाडी दहा वर्षं वापरतो. गाडी नोव्हेंबर २०२५ ची निघाली, मी विचारल्यावर त्यांनी ते कबूल केलं, मग ऑफर २०,००० ची ३८,००० झाली. बाहेरचा विम्याचा आकडा ३४,२०० होता, ते ३६,५०० वर आले, आयडीव्ही ८,०६,५५० च, झिरो डेपसकट. वर्कशॉपचं कॅशलेस त्याच कंपनीशी आहे म्हणून तो घेतला.

ऑन-रोड ९,६७,००० वर सही झाली. पहिल्या कागदापेक्षा ७६,८०० ने कमी.

त्यानंतरच जुन्या गाडीचा विषय काढला. कराडला एकाने १,९५,००० सांगितले होते. हे १,६८,००० आणि बोनस २५,००० वर आले. दोन हजारांसाठी अनोळखी माणसाच्या नावावर गाडी होईपर्यंत जीव टांगणीला नको, म्हणून इथेच दिली. जुनी गाडी मिस्टरांच्या नावावर, नवी माझ्या, म्हणून नातं दाखवायला लग्नाचा दाखला लागला.

कर्ज आठ नाही, सहा लाखांचंच घेतलं. हप्ता १२,४५५. शोरूमच्या फायनान्सवाल्याला मंजुरीपत्र दाखवलं तर तो लगेच ९.२५ म्हणाला, आणि या वेळी 'घटत्या शिल्लकेवर' हे शब्द त्याने स्वतःहून उच्चारले. नको म्हटलं.

गिअर_चौथा | १ मार्च, रात्री ९:५०

ताई, जबरदस्त! जुन्या गाडीच्या फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलायचे फॉर्म) सह्या करून दिल्यात, तर ताबा दिल्याची तारीख-वेळेसह पावती घ्या आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर दंड आणि अपघाताची जबाबदारी मिस्टरांच्या दारात येऊ शकते. डिलिव्हरीआधी दिवसाउजेडी गाडी बघा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष, पाचही टायरचे वाचा.

कृष्णाकाठ | २० मार्च, सकाळी ७:१५

काल गाडी घरी आली. टायर पाचही वाचले, स्टेपनीचा मिस्टरांनी आडवं होऊन वाचला. शासी नंबर कोटेशनवर लिहून घेतलेलाच होता. जुन्या गाडीच्या ताब्याची पावती वेळेसह घेतली. आरटीओची पावती ९७,८०० ची, तेवढेच दिले.

गुढी उभारून झाल्यावर सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. दार उंच आहे, त्यांना वाकावं लागलं नाही. हेच बघायला आम्ही तीन गाड्यांत बसून उठून बघितलं होतं.

माजी_शोरूमवाला, त्या मुलाला पेढे दिले. सेल्समध्ये त्याचा दुसराच महिना आहे. त्यालाही फ्लॅटचा हिशेब कुणी समजावला नव्हता, मी त्याच हिरव्या पेनाने कागदावर करून दाखवला. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

तळहात | २० मार्च, सकाळी ८:००

अभिनंदन ताई. आरसी आली की बँकेचं नाव आणि शाखा बरोबर छापलीय का ते बघा. पाच वर्षांनी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा असतो, तेव्हा त्या एका अक्षरावरून माणसं तीन-तीन खेपा घालतात.

कृष्णाकाठ | २० मार्च, सकाळी ८:२०

काका, डायरीत लिहून ठेवलं, मार्च २०३१ च्या पानावर.